बेड तीन

अक्कम्मानं उपटलेलं ज्वारीचं ताट पुन्हा खड्ड्यात उभं केलं, बुडाशी माती लोटली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबली. हात काढला तसं ते कलंडलं. तिनं दुसरं घेतलं. डिसेंबरचं असलं तरी ते सोलापूरचं ऊन. सकाळी उपटलेली ज्वारी बारापर्यंत सुतळीसारखी झाली होती.

"मावशे, मढ्याला पाणी पाजतीस व्हय?" शेताचा मुकादम अनिलकुमार बांधावर उभा होता. "ऊठ. चारला सोमशेखर सरांनी बोलावलंय."

"चार ताटं जरी धरली, अनिलप्पा..."

"एकबी धरत न्हाय. पोटरीला आलेलं पीक हे, वांग्याचं रोप न्हवं."

तिला ते त्याच्याहून जास्त ठाऊक होतं. तरी तिनं तिसरं ताट उचललं.

शाळा माळावर होती. देशोदेशीची मुलं तिथं राहायची, अंघोळीचं पाणी मापून घ्यायची, पानातलं उष्टं तोलायची आणि जुनी बियाणी जगवायची. तीन नंबरच्या वाफ्यातली ज्वारी हाना नावाच्या जर्मन मुलीनं लावलेली. वैरागकडच्या एका म्हातारीच्या मडक्यात त्या वाणाचं मूठभर बी उरलं होतं. ते सगळं इथं पेरलेलं. आता हाना वाफ्याच्या कडेला बसून मुळांवरची माती बोटांनी झटकत होती.

त्या वाफ्याला आधी इंग्रजी पाटी होती. आज सकाळी तिथं नवी दिसली, निळ्या रंगातली. बेड ३. अक्कम्मानं अक्षराला अक्षर लावून ती वाचली आणि तिला बरं वाटलं. नात सुकन्या याच शाळेत, कामगाराची नात म्हणून बिनफीची. तिनंच आज्जीला अक्षरं शिकवली होती. रविवारी जेवायला यायचं नसलं की पोर आज्जीच्या दाराला चिठ्ठी लावायची, 'ऊटा बेड'. जेवण नको. अक्षरं मराठी, बोलणं घरचं कन्नड. शेतावर सगळे गडी वाफाच म्हणायचे. मग ही पाटी काय सांगत होती? नको, तीन. वाफ्यात ओळीही तीनच होत्या. तिनं तिन्ही उपटल्या.

तीन वाजता सुकन्यानं तिला अवजारांच्या खोलीमागं गाठलं.

"आज्जी, पाटी मी लावली. तुला वाचता यावी म्हणून."

"वाफा ल्ह्यायचं की गं."

"वर्गात सगळी बेडच म्हणत्यात." सुकन्या ऑफिसकडं वळली. "मी सरांना सांगते."

न विचारता पाटीला हात लावायचा नाही, असा नियम होता. सुकन्याला मागं एका कारणानं ताकीद मिळालेली. दुसऱ्या वेळी थेट घर. घर म्हणजे अक्कलकोटजवळचं गाव आणि चुलत्यानं बघून ठेवलेलं स्थळ.

"तोंड उघडलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील," अक्कम्मा म्हणाली.

चारला ऑफिसात हाना आणि अनिलकुमार होते, आणि हानाला मराठी समजावं म्हणून सुकन्याला बोलावलं होतं.

"पाटी बदललेली आहे," शाळेचे प्रमुख सोमशेखर सर म्हणाले. "कोणी बदलली ते मी शोधणारच. ती वाचून तुमचा गोंधळ झाला का?"

"पाटीचं काय न्हाय सर. कडवळ काढायचं हुतं गुरांसाठी. वाफा चुकला."

"पण पाटी वाचलीत ना?"

"मला कुटं वाचता येतंय?"

अनिलकुमारनं चमकून वर पाहिलं. हीच बाई त्याला रोज पेपरातलं राशिभविष्य वाचून दाखवायची. त्यानं मान पुन्हा खाली घातली.

सुकन्यानं हे इंग्रजीत सांगायचं होतं. एवढ्याशा वाक्याला तिला फार वेळ लागला.

"मग पाटीचा प्रश्नच मिटला," सर म्हणाले. "पण वाचता न येणारं माणूस बियाण्यात ठेवता येणार नाही. उद्यापासून भांड्यांवर जा."

"व्हय सर."

त्यांनी कागद पुढं केला, वर पेन ठेवलं. अक्कम्मानं पेन बाजूला सारलं आणि शाईच्या डबीकडं बोट दाखवलं.

अंगठा पदराला पुसत ती दाराशी आली. काचेवर ठळक लिहिलं होतं, 'ओढा'. सर पाठीमागून बघत होते. अक्कम्मानं दार ढकललं. ते हललं नाही. तिनं पुन्हा ढकललं, आणखी जोरानं.

सुकन्या पुढं आली आणि तिनं दार ओढून धरलं.