समाजाची शान

खांदेश्वरच्या त्या वस्तीत कुणाचं काही झालं, म्हणजे दहावी झाली, लग्न झालं, नगरसेवकाचा वाढदिवस झाला, की फ्लेक्सचा मजकूर धम्मपालकडून लिहून घ्यायचा, असा रिवाज होता. दिवसा तो रबाळ्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा. तिथे वहीत एक नट-बोल्टसुद्धा जास्त लिहून चालत नसे. ती उपासमार तो फ्लेक्सवर भरून काढी. त्याच्या लेखणीने कार्यसम्राट झालेल्यांपैकी काहींना मुळात कामच नव्हतं.

तेव्हा स्वतःच्या मुलीला डॉक्टरेट मिळाल्यावर तो हात आखडता घेईल, अशी आशा कुणी केली नाही. दीक्षाचा प्रबंध आतड्यावर होता. आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी बारीकबारीक प्रथिनं सोडतात. ती जंतूंना मारतात, अस्तराला भिडू देत नाहीत. क्रोन्स नावाच्या आजारात आतडं सुजतं, त्याला जखमा होतात, आणि त्यातल्या काही रुग्णांत ही प्रथिनं कमी पडतात. का, ते ती शोधत होती. हे तिने फोनवर बापाला समजावलं. बापाने नीट ऐकून घेतलं आणि चौकात फ्लेक्स लावला : ‘आतड्याच्या असाध्य रोगावर शरीरातच औषध शोधून काढणाऱ्या, समाजाची शान, डॉ. दीक्षा यांचे हार्दिक अभिनंदन!’ लगोलग त्याचा फोटो सगळ्या नात्यागोत्यात फिरला.

महिन्याभराने दीक्षा सुट्टीवर आली. रविवारी विहारात वंदनेनंतर तिचा सत्कार झाला आणि पाहुणे घरी चहाला आले. त्यांत उलव्याहून आलेली शर्मिला होती, धम्मपालची धाकटी बहीण. तिला क्रोन्स होऊन बरीच वर्षं झाली होती. गोळ्यांवर बरी असायची. आज गालफडं बसली होती, पण डोळे चमकत होते.

“दादा, मी गोळ्या बंद केल्या,” तिने सांगितलं.

शर्मिलाने हिशेब मांडला. डॉक्टरच म्हणतात, या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात. आणि दादाने लिहिलंय, औषध अंगातच आहे. मग ते दाबून ठेवलं तर वर येणार कसं? पोटात पुन्हा मुरडा येत होता, पण तिच्या मते आत कामाला सुरुवात झाल्याचीच ती खूण होती.

तिच्या तर्काच्या इमारतीत काही चूक नव्हती. पाया तेवढा धम्मपालने घातला होता.

“आत्या, मी औषध शोधलेलं नाही,” दीक्षा म्हणाली. “गोळ्या अशा सोडायच्या नसतात.”

शर्मिलाने कौतुकाने तिचा गाल कुरवाळला. अशीच साधी राहा, म्हणाली. शेजारचे पोपटराव म्हणाले, मोठी माणसं असंच बोलतात. दीक्षा जितकं नाकारी तितकी तिची उंची वाढत होती. शेवटी ती बापाकडे वळली.

“पप्पा, तुम्ही सांगा. माझं नाही ऐकणार ती.”

खरंच होतं. शर्मिलाला गावाहून इथे आणून शाळेत घातलं ते दादाने. दादाचा शब्द तिला काळ्या दगडावरची रेघ. आणि धम्मपालसमोर बसली होती सगळी वस्ती, हातात बशा घेऊन. मुलीच्या खांद्यावर सत्काराची शाल होती. खरं सांगायचं म्हणजे ती आपल्याच हाताने उतरवायची, असं त्याला वाटलं. मग त्याने बहिणीची गालफडं पाहिली.

“शर्मे, ते मी वाढवून लिहिलं,” तो म्हणाला. “हिने औषध शोधलेलं नाही. माझी चूक हाय.”

पाहुण्यांतल्या वेणूबाईंनी अर्धा पेढा बशीत परत ठेवला.

“मग शोधलं काय हिने?” शर्मिला म्हणाली.

दीक्षाने सांगितलं. प्रथिनं कमी पडतात म्हणून आतडं सुजतं, की सुजतं म्हणून कमी पडतात, याचा वाद आहे. तिने तपासलेल्या काही रुग्णांत न सुजलेल्या भागातही ती कमी होती. म्हणजे निदान त्यांच्यात ती कमी पडण्याचं कारण सूज नसावं. पुढचं अजून माहीत नाही. हे शेवटचं वाक्य तिने भर पाहुण्यांत मान वर करून म्हटलं. धम्मपालला वाटलं, आपल्या एकाही कार्यसम्राटाला हे वाक्य पेललं नसतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो शर्मिलाला तिच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, तपासण्या लिहिल्या, गोळ्या पुन्हा सुरू केल्या. वेळेत आलात म्हणाले, आणि बंद कुणाच्या सांगण्यावरून केल्या ते विचारलं.

“माझ्या,” धम्मपाल म्हणाला, आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांचं पेन थांबलं. तुमच्या मुलीला नेमकं काय आढळलं, त्यांनी विचारलं.

धम्मपालने कालची वाक्यं जशीच्या तशी सांगितली. एकही विशेषण घातलं नाही. “पुढचं तिला अजून माहीत नाही, साहेब.”

डॉक्टर म्हणाले, पुन्हा सांगा. धम्मपालने पुन्हा सांगितलं, या वेळी जरा मोठ्याने. दार उघडंच होतं आणि बाहेर बरेच लोक बसले होते.