आईचे नाव: माहीत नाही

दादा कुठे आणि कधी गेला हे मला शोधायचे होते, आणि मृत्यूच्या नोंदीत तो सापडू नये अशी ताईची इच्छा होती. या दोन गोष्टींवर आमचे रविवारचे फोन कितीतरी वर्षे चालले होते.

ताई माझ्याहून बरीच मोठी. ती मुलीकडे राहते, दुसऱ्या गावात, रेल्वेने दिवसभराच्या अंतरावर. डोळे गेले आहेत, कान शाबूत आहेत. दर रविवारी सकाळी भाची नंबर लावून देते आणि ताईचे पहिले वाक्य ठरलेले असते, "काय घुम्या, सापडला का?" घुम्या हे माझे घरातले नाव. पाहुणे आले की मी पुस्तक घेऊन कपाटामागे जाऊन बसत असे, त्यावरून पडलेले. या नावाने हाक मारणारे आता एकच माणूस उरले आहे.

निवृत्तीनंतर काहीतरी करावे म्हणून मी घराण्याची वंशावळ करायला घेतली. वाचनालयात पुस्तकांची सूची करण्यात आयुष्य गेले, तेव्हा हे आपल्याला जमेल असे वाटले. फारशा गोष्टींबद्दल मला तसे वाटत नाही. आजोबा, पणजोबा, चुलत घरे, सगळ्यांच्या चौकटी भरत गेल्या. वर जन्म, खाली मृत्यू. दादाच्या चौकटीत खालची ओळ तेवढी रिकामी राहिली.

वडिलांचे शिंप्याचे दुकान होते. शाळा सुटल्यावर दादाला त्यांनी मशीनवर बसवले. काही वर्षे तो बसला. मग एके दिवशी गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "मरेन, पण पुन्हा या मशीनवर बसणार नाही," आणि कात्री फळीवर ठेवून निघून गेला. मी तेव्हा चौथीत होतो. पुढे ताईला त्याचे चार ओळींचे पत्र आले की बंदरावर काम मिळाले आहे, काळजी नसावी. त्यानंतर काही नाही. वडील गेले, आई गेली, तरी काही नाही.

मृत्यूच्या नोंदी एका ठिकाणी एकत्र ठेवलेल्या नसतात. प्रत्येक विभागाचे कार्यालय वेगळे, आणि कोणत्या साली शोधायचे ते सांगितल्याशिवाय कोणी कपाट उघडत नाही. मी अंदाजाने साले धरून बंदराच्या गावातल्या एकेका कार्यालयाला पोस्टाने अर्ज पाठवत असे. दोन-तीन महिन्यांनी उत्तर यायचे, "शोध घेतला असता नोंद आढळून आली नाही." ते मी फोनवर वाचून दाखवायचो.

"वा!" ताई म्हणायची. "म्हणजे आहे कुठेतरी ठणठणीत."

दादा असता तर नव्वदीच्या घरात असता. पण हे मी बोलत नसे. पुढच्या कार्यालयाचे नाव सांगायचो, मग ताई दादाची एखादी जुनी खोडी आठवायची, मी हसायचो, आणि सकाळ निघून जायची. आठवड्याभरात मी बोलतो ते एवढेच. दूधवाल्याशी होते ते मी बोलण्यात धरत नाही.

शेवटी बंदराच्या गावातली कार्यालये संपली. काही जुनी कार्यालये बंद होऊन त्यांच्या वह्या दुसरीकडे गेल्या असाव्यात असे मला वाटत होते. त्या कुठे जातात हे विचारायला, नोकरीमुळे मी ज्या गावात स्थायिक झालो, तिथल्याच जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात गेलो. फक्त विचारायला.

खिडकीशी एक कारकून बाई होत्या. अंगात स्वेटर, गळ्यात चष्म्याची दोरी, समोर साय धरलेला चहा.

"मला जरा विचारायचं होतं," मी म्हणालो.

"कोण गेलंय?"

"भाऊ. म्हणजे, गेलाय की नाही तेच..."

"काका, इथे गेलेल्यांचंच बघतात. न गेलेले वरच्या मजल्यावर, पाणीपट्टीत."

रांगेत मागे कोणीतरी हसले. बाईंनी शोधाचा अर्ज पुढे सरकवला. "नाव, अंदाजे वय, साल कुठपासून कुठपर्यंत. खाली सही. पटपट करा, जेवायची सुट्टी होईल."

मी सांगायला हवे होते की बाई, तो या गावात कधी राहिलाच नाही, मला वेगळेच विचारायचे आहे. पण माझ्या मागचा माणूस किल्ल्यांचा जुडगा वाजवत होता. त्या आवाजाने माझ्या तोंडातले शब्द परत आत गेले. मी अर्ज भरला, सही केली, पावती घेतली आणि बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर स्वतःला यथेच्छ शिव्या दिल्या.

रविवारी ताईला हे सांगितले तेव्हा ती खोकला येईपर्यंत हसली. "उद्या कोणी तुला चुकून लग्नाच्या रांगेत ढकललं ना, तर तिथेही मुकाट सही करून येशील!"

"आता कोण ढकलतंय," मी म्हणालो.

"तेही खरंच," ती म्हणाली, आणि पुन्हा हसली.

पुढच्या आठवड्यात मी पावती घेऊन गेलो तो केवळ नकाराचा कागद आणायला. आणखी एक नकार, म्हणजे आणखी एक रविवार. बाईंनी मला लांबूनच ओळखले.

"सापडला की हो तुमचा भाऊ!" त्या मोठ्याने म्हणाल्या, हरवलेली छत्री सापडल्यासारख्या. मग माझा चेहरा बघून आवाज उतरवला. "या, आत या. खुर्ची घ्या."

त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. नाव तेच. आडनाव तेच. वय एका वर्षाने इकडे-तिकडे. मृत्यूचे ठिकाण आमचे मोठे सरकारी रुग्णालय. पत्ता बस डेपोच्या मागच्या गल्लीतला. माझ्या घरापासून तिसरा बसस्टॉप.

"हा तो नव्हे," मी म्हणालो. "तो इथे नव्हताच."

"मरताना तरी होता," बाई म्हणाल्या. "पुढे वाचा."

व्यवसाय: शिवणकाम. मला हायसे वाटले. मरेन पण मशीनवर बसणार नाही म्हणणारा माणूस हा असूच शकत नाही. मी पुढे वाचले. वडिलांचे नाव: माहीत नाही. आईचे नाव: माहीत नाही. खबर देणारा: शेजारी.

"याचा दाखला मला तुम्हाला देता येणार नाही," बाई म्हणाल्या. "बापाचं नाव असतं तर तुमच्या कागदांशी जुळवलं असतं. हे असं कोरं असल्यावर नातं कशावरून लावू? घरात मोठं कोणी आहे?"

"बहीण आहे."

"मग त्यांचं प्रतिज्ञापत्र आणा. हा माझा भाऊ, आईवडिलांची नावं ही. नावं नोंदीत चढतील, मग दाखला." त्या चहाकडे बघत म्हणाल्या, "नाहीतर राहू द्या. बरेच लोक राहू देतात."

म्हणजे दाखला हवा असेल तर ताईला सांगावे लागणार होते. आणि एकदा सांगितले की आमच्यापाशी बोलायला काय उरणार, हे मला त्या खुर्चीत बसल्याबसल्या दिसत होते. शिवाय हा दादा नसलाच तर? मी स्वतःला म्हणालो, आधी खात्री करून घ्यावी. भित्र्या माणसाला खात्री करून घ्यायला नेहमी आवडते. तेवढाच वेळ जातो.

डेपोच्या मागची गल्ली अरुंद होती. पत्त्यावर आता मोबाइल दुरुस्तीचे दुकान होते. शेजारच्या दारात एक बाई भाजी निवडत बसल्या होत्या, सत्तरीच्या असतील. त्यांनी मला तिथे घुटमळताना पाहिले.

"कोण हवंय?"

मी काय सांगणार होतो? भाऊ, असे तोंडातून निघेना. "इथे एक टेलर होते ना? एक पँट द्यायची होती."

"अगं बाई, आता? टेलरकाका जाऊन नऊ वर्षं झाली! पँट एवढी कसली थांबलीय तुमची?"

"उशीर झाला खरा," मी म्हणालो.

त्यांना बोलायला कोणीतरी हवेच असावे. टेलरकाका फार बोलायचे नाहीत, पण शिलाई अशी की कापड फाटेल, टाका उसवणार नाही. कानावर निळा खडू ठेवून तसेच चहाला जायचे, पोरे हसायची, त्यांना पत्ताच नसायचा. छातीत दुखायला लागले तेव्हा बाईंच्या नवऱ्याने रिक्षात घालून नेले. रुग्णालयातली लिहून घेणारी मुलगी विचारत गेली आणि त्याला नावापलीकडे काही सांगता येईना.

"फार लागलं हो आमच्या यांच्या मनाला," बाई म्हणाल्या. "घरी येऊन जेवले नाहीत. म्हणाले, वीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, आणि त्याच्या आईचं नाव मला ठाऊक नाही. आता तेही गेले." त्यांनी एक देठ मोडून बाजूला टाकले. "तुम्ही कोण त्यांचे?"

"गिऱ्हाईक," मी म्हणालो.

तिथून घरी मी चालत आलो. बसमध्ये बसलो असतो तर तीनच स्टॉप, आणि ते तीन स्टॉप मला मोजायचे नव्हते. वीस वर्षे त्या रस्त्याने मी वाचनालयात जात-येत होतो, खिडकीपाशी बसून, डोके पुस्तकात. बाहेर कानावर खडू ठेवलेला एखादा म्हातारा चालला असेल तर मला दिसणार नव्हताच. आमच्या वडिलांच्या कानावरही निळा खडू असायचा. झोपतानासुद्धा कधीकधी राहायचा, मग उशीला डाग पडायचा आणि आई ओरडायची.

माझ्या खालच्या मजल्यावर एक जोडपे राहते. चांगली माणसे आहेत. त्या संध्याकाळी मी त्यांची बेल वाजवली. माझ्या आईवडिलांची नावे एकदा त्यांना सांगून ठेवावीत, एवढेच मनात होते. दार उघडल्यावर मी विचारले, "आज पाणी येणार आहे का?" ते म्हणाले, येतेय की. मी आभार मानून वर आलो.

रविवारपर्यंत मी ठरवले होते की नोंद आढळून आली नाही असेच सांगायचे. वाक्य इतक्या वेळा वाचले होते की बघायची गरज नव्हती. फोन वाजला.

"काय घुम्या, सापडला का?"

"शोध घेतला असता," मी सुरुवात केली आणि थांबलो.

"असता काय?"

"ताई, एक नोंद आहे. पण ती त्याची नसणारच. नाव आणि वय जुळतंय, पण धंदा शिवणकाम लिहिलाय. दादा कसा असेल?"



"वेडा रे वेडा," ताई हळूच म्हणाली. मला म्हणाली की त्याला, कळले नाही. "अरे, दुसरं काय येत होतं त्याला?"

मग मी खडूचे सांगितले. ताई रडली. मी आयुष्यात कोणाचे सांत्वन केलेले नाही. नुसता फोन कानाला धरून उभा राहिलो.

"कुठे होता?" तिने विचारले.

यावर खोटे बोलता आले असते. "इथेच," मी म्हणालो. "माझ्या घरापासून तिसरा स्टॉप."

"आणि तू वाचत बसला होतास."

"हो."

"तोही मान खाली घालूनच बसला असेल मशीनवर. दोघेही एका माळेचे मणी." तिने नाक पुसल्याचा आवाज आला. "जवळ कोण होतं?"

"शेजारी. त्यानेच नेलं, त्यानेच नोंद केली. पण आईचं नाव त्याला सांगता आलं नाही. तिथे माहीत नाही असं लिहिलंय."

"माहीत नाही?" ताईचा आवाज एकदम पूर्वीसारखा खणखणीत झाला. "आम्ही काय मेलोय? सही कुठे करायची ते सांग. अंगठा चालतो का? मला रेघ दिसत नाही."

अंगठा चालला. भाचीने कागद करून पाठवला. कारकून बाईंनी दादाच्या नोंदीत आईचे नाव घातले आणि दाखल्यावर शिक्का मारून म्हणाल्या, "झालं काका, संपलं तुमचं काम."

मी वंशावळीतली ती एक ओळ भरली. त्यानंतरच्या रविवारी सकाळपासून फोनपाशी बसून होतो. नेहमीची वेळ टळली. मी पुस्तक उघडले, तेच पान पुन्हा पुन्हा वाचले. बाहेर कोणीतरी सायकल धुत होते. मग फोन वाजला.

"जेवलास का?" ताईने विचारले. आजवर तिने हे कधी विचारले नव्हते.

"अजून नाही."

"हं."

मी दाखल्याविषयी पुन्हा एकदा सांगितले. तिने पुन्हा एकदा ऐकून घेतले. भाची मागून म्हणाली, "आई, ठेवायचा का?" मी डोळे मिटून घेतले.

"थांब गं," ताई म्हणाली. मग मला, "घुम्या, मोठ्या आत्याचं काय केलंस?"

"तिचं काय? तिची तारीख तर चौकटीत आहे. आपण दोघंही होतो की तिथे."

"आपण होतो. पण दाखला आहे का तुझ्याकडे?"

"नाही."

"मग? नुसत्या सांगोवांगीवर लिहून ठेवलंस होय रे? एवढा वाचनालयातला माणूस तू."

मी फोनजवळचा कागद ओढला आणि पेन शोधले. "तिथल्या कार्यालयाला पोस्टानं अर्ज करावा लागेल," मी म्हणालो. "उत्तर यायला फार वेळ लावतात ते."

"लावू देत," ताई म्हणाली.