चार फुटी की दोन फुटी

आत्याने फोटोला हो म्हटल्याचा छोटीला झालेला आनंद जेमतेम कपातला चहा गार होईपर्यंत टिकला. मग जी धाकधूक सुरू झाली ती आठवडाभर काही थांबली नाही.

आत्या म्हणजे इस्पितळाची मेट्रन, सगळ्या नर्सेसची वरिष्ठ. सोमवारी ती निवृत्त होणार होती. तिथल्या मोठ्या व्हरांड्यात आजवरच्या सगळ्या मेट्रनचे फोटो ओळीने लावलेले आहेत, आणि ओळीच्या शेवटी आत्यासाठी खिळाही ठोकून झाला होता. फोटोचा मात्र पत्ता नव्हता. आत्याच्या कपाळापासून डाव्या गालापर्यंत कोडाचे पांढरे डाग होते, आणि ती कॅमेरा दिसला की उठून जायची. तिचा म्हणून एकच फोटो होता, नोकरीच्या ओळखपत्रावरचा. ऑफिसातल्या कुणा घाईच्या माणसाने तिला भिंतीला उभं केलं, फ्लॅश थेट तोंडावर मारला आणि मोकळा झाला. त्या फोटोत डाग तेवढे राहिले होते, बाई कुठे दिसतच नव्हती. तेव्हापासून आत्या ते कार्ड गळ्यात उलटं घालायची, कोरी बाजू पुढे. घरात याबद्दल कोणी कधी चकार शब्द काढला नाही.

छोटीला आईमागे वाढवलं ते या आत्याने. छोटी आता एका स्टुडिओत कामाला होती, पण तिथलं काम म्हणजे पासपोर्टचे फोटो. चार भिंती, ठरलेले दिवे, हनुवटी जरा वर करा. उघड्यावर फ्लॅश वापरून कुणाचा चेहरा टिपायचा तिला काडीचाही अनुभव नव्हता. आणि आत्याची पहिलीच अट ही की स्टुडिओत पाय ठेवणार नाही. इस्पितळाच्या मागे चादरी वाळत घालतात त्या आवारात बसेन, रविवारी सकाळी, तेही एकदाच.

"आणि कॉम्प्युटरवर माझं तोंड घासायचं नाही," आत्या म्हणाली. "मला आवडला नाही, तर तो खिळा तसाच राहू दे."

छोटी आवार बघून आली. ऊन वरून, एका बाजूने पडत होतं, त्यात कुणाचेही डोळे काळ्या खळग्यांसारखे दिसले असते. म्हणजे बाजूने फ्लॅश लावणं आलं. पण उघडा फ्लॅश म्हणजे पुन्हा तेच ओळखपत्र. मधला मार्ग एकच होता, सॉफ्टबॉक्स: बाहेरून काळी, आतून चंदेरी कापडी पेटी, तोंडाशी पांढरा पडदा. फ्लॅश आत बसवला की उजेड पडद्यातून झिरपून, मऊ होऊन येतो. कसा आणि केवढा घ्यायचा, एवढाच प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाने तिची झोप उडवली.

नवऱ्याने या बाबतीत हवी तितकी मदत केली, म्हणजे नको तितकी. फोटोतलं त्याला ओ की ठो कळत नसलं तरी जेवताना, दात घासताना तो मोबाइलवर व्हिडिओ बघायचा आणि प्रत्येक व्हिडिओनंतर त्याचं मत बदलायचं. शेवटी दोघं दुकानात गेली. दुकानदाराने तीन-चार नमुने काढून दाखवले आणि छातीठोकपणे सांगितलं, पेटी जितकी मोठी तितका उजेड मऊ. छोटीने दोन फुटी पेटीकडे पाहिलं, चार फुटीकडे पाहिलं. आत्याच्या बाबतीत कमी पडायला नको, या एका विचाराने तिने चार फुटी उचलली.

घरी ती उघडली तेव्हा बाहेरची खोली भरून गेली. नवऱ्याला सोफ्याच्या कडेला बसवून छोटीने फोटो काढला, आणि काय सांगावं, रोज दाढी चुकवणारा तो माणूस एखाद्या पुस्तकाच्या मागच्या पानावर शोभावा असा दिसला. छोटीचा जीव भांड्यात पडला. नवऱ्याने तो फोटो लगेच आपल्या बहिणीला पाठवलासुद्धा.

शनिवारी दुपारी दोघांनी गच्चीवर रंगीत तालीम घेतली, आणि तिथे सगळी गंमत उतरली. वाऱ्याची एक झुळूक आली काय, आणि ती अवाढव्य पेटी स्टँडसकट नवऱ्याच्या अंगावर आली. स्टँडच्या पायांना पाण्याचे कॅन बांधले, तरी ती डुलतच राहिली. छोटीच्या डोळ्यांसमोर आत्या आली, खुर्चीत ताठ बसलेली, आणि तिच्यावर कोसळणारी ही पेटी. तिने घाबरून स्टँड मागे नेला. आणखी मागे नेला. पाण्याच्या टाकीला टेकवून दोरीने बांधला. मग फोटो काढला, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. नवऱ्याच्या नाकाची सावली गालावर सुरीसारखी पडली होती. कपाळ चमकत होतं. पेटी तीच, फ्लॅश तोच, नवराही तोच, आणि उजेड मात्र थेट त्या ओळखपत्रावरचा.

"फोन करून सांगूया का, की नाही जमत?" नवरा म्हणाला.

छोटी स्टँडची दोरी सोडू लागली. नाही म्हणून कळवलं तर आत्या फक्त "बरं" म्हणेल आणि पुन्हा जन्मात कुणाला हो म्हणणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती खाली येऊन बाहेरच्या खोलीत बसली आणि घरातला तो पहिला फोटो पुन्हा उघडला. बराच वेळ बघितल्यावर तिचं लक्ष चेहऱ्यावरून कडेला गेलं. कोपऱ्यात पेटीची काळी किनार आली होती. खोली लहान, जागाच नव्हती, म्हणून पेटी नवऱ्याच्या गालाला जवळजवळ चिकटली होती. उजेड मऊ आला तो त्यामुळे. गच्चीवर आपण घाबरून पेटी लांब नेत गेलो आणि तेवढ्या अंतरावरून तिचा एक लहानसा दिवा झाला. म्हणजे भीतीने आपणच आपलं काम बिघडवलं. स्वतःचा तिला इतका राग आला की क्षणभर रडूच कोसळेल असं वाटलं.

मग तिने पेटी मिटली आणि तडक दुकान गाठलं. दुकानदाराने नाक मुरडलं, पडद्यावरची माती दाखवली, पण शेवटी बदलून दिली. दोन फुटी, छत्रीसारखी उघडणारी, काठीला लावून एका माणसाला हातात धरता येईल इतकी हलकी. तिने हीच आधी घ्यायला हवी होती. पण आता नवीच धास्ती मानगुटीवर बसली. ही पेटी आत्याच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर धरावी लागणार होती, तीही डाव्या बाजूने, कारण उजवीकडे ऊन होतं. आणि डाव्या बाजूला आत्या कुणाला उभं राहू देत नसे. जेवायलासुद्धा ती भिंत डावीकडे येईल अशीच बसायची.

रविवारी आत्या वेळेच्या आधीच आवारात हजर होती. पांढरा कडक गणवेश, गळ्यात उलटं कार्ड. मागे तारांवर चादरी फडफडत होत्या. नवरा काठी घेऊन डावीकडून पुढे सरकला तशी आत्याने मान फिरवली.

"इतक्या जवळ कशाला?"

नवरा जागच्या जागी थिजला. आत्याचे हात खुर्चीच्या हातांवर गेले. आता ही उठणार, छोटीला वाटलं, आणि मग सगळंच संपलं. काहीतरी गोड थाप मारावी असं मनात आलं, पण या बाईशी ती आजवर खोटं बोलली नव्हती.

"लांबून उजेड कडक पडतो, आत्या," ती म्हणाली. "तुझ्या कार्डावर तसंच झालं होतं. डागांमुळे नाही झालं ते. मला तुझ्याजवळ यावं लागेल."

इतक्या वर्षांत त्यांच्यात 'डाग' हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. आत्या तिच्याकडे बघत राहिली. छोटीने नजर खाली वळवली नाही. नवऱ्याची अवस्था मात्र वाईट होती. वर धरलेली काठी त्याच्या हातात थरथर कापत होती आणि पेटी आत्याच्या कानाशी हलत होती.

आत्याने पेटीकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे पाहिलं, आणि तिच्यातली मेट्रन जागी झाली.

"जावईबापू, असं धरून हात भरून येईल. कोपर पोटाशी घ्या. दुसऱ्या हाताने खालून आधार द्या. आम्ही सलाइनची बाटली अशीच धरतो, पेशंटला खाटेवरून हलवताना." तिने स्वतःच्या हाताने त्याचं कोपर आत ढकललं. "आता या असे जवळ. अजून. पेशंटपासून लांब उभं राहून काय कामाचं?"

काठी स्थिर झाली. आत्या खुर्चीत मागे टेकली आणि डावा गाल तिने आपण होऊन उजेडाकडे केला. छोटीने श्वास रोखून बटण दाबलं. एकदा, आणि मग पुन्हा.

पडद्यावरचा फोटो आत्याने कॅमेरा हातात घेऊन, चष्मा लावून पाहिला. डाग होते तिथेच होते, स्पष्ट, पण त्यांच्यामधून बाई आरपार बघत होती, थोडी थकलेली, थोडी खट्याळ, नुकतीच कुणाला तरी दटावून बसलेली.

"कपाळावरचा वाढलाय की गं," आत्या म्हणाली. मग कॅमेरा परत देत म्हणाली, "व्हरांड्याचं तू बघ. मला एक लहान प्रत काढून दे. कार्डाच्या मापाची."

छोटीला क्षणभर कळलंच नाही. "आत्या, उद्या तर शेवटचा दिवस. संध्याकाळी कार्ड परत द्यायचंय ना तुला?"

"संध्याकाळी ना," आत्या म्हणाली. "दिवसभर सुलटं घालीन."