तिसरी उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. गादीवाल्याने पिंजलेला कापूस ठासून भरला, तेव्हा मी चांगली गुबगुबीत होते. आता पार चपटी झाले आहे. तरी भिंगरीला माझ्याशिवाय चैन पडत नाही. भिंगरी म्हणजे घरातली एकुलती एक लेक. पूर्वी तिचा पाय एका जागी ठरत नसे. मग तिची मूत्रपिंडं निकामी झाली. आता एक दिवसाआड ती डायलिसिसला जाते. यंत्र तिचं रक्त गाळतं, अंगात साठलेलं पाणी काढून घेतं, आणि तिथेही मीच तिच्या डोक्याखाली असते.

एका दुपारी ती माझ्यावर आडवी झाली आणि लगेच उठून बसली. आईची उशी तिने माझ्यावर ठेवली. पुढच्या आठवड्यात बाबांचीही पळवली. "राणीसाहेबांचा थाट बघा!" बाबा हसले. तिचे फुगलेले गाल पाहून आत्या म्हणाली, "पोरीने बाळसं धरलंय हो!" सगळे खूश झाले. मला मात्र वेगळंच ऐकू येत होतं. तिची पाठ माझ्यावर टेकलेली असे आणि आतून बारीक बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येई. मला भीती वाटत होती, पण उशीला तोंड कुठे असतं?

डायलिसिसच्या पुढच्या खेपेला सिस्टरने तिला काट्यावर उभं केलं. "वजन मागच्याइतकंच आहे."

"वाढेल कसं?" बाबा म्हणाले. "सगळी ताकद आमच्या उशा पळवण्यात जाते. तीन-तीन लागतात बाईसाहेबांना!"

सिस्टर हसली नाही. "तीन? भिंगरी, आडवं झाल्यावर काय होतं गं?"

भिंगरीने आईकडे पाहिलं. "छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. पण सांगितलं असतं तर मला इथेच ठेवून घेतलं असतं ना."

डॉक्टर धावत आल्या. त्यांनी छाती तपासली, पडद्यावर हृदय पाहिलं. "जेवण जात नाही, त्यामुळे मांस झडलंय आणि त्या जागी पाणी साठलंय. म्हणून काटा तेवढाच राहिला आणि हे जास्तीचं पाणी यंत्राने काढायचं राहून गेलं. पाणी फुप्फुसात उतरलंय. हृदयही ताणलं जाऊन मोठं झालंय." आईने मला इतकं घट्ट आवळलं की माझी शिवण उसवली.

पाणी थोडं थोडंच काढायचं होतं. घाई केली तर हृदयाला झेपणार नव्हतं. असे कित्येक दिवस गेले. मग एका सकाळी भिंगरीने वरच्या दोन्ही उशा ढकलून दिल्या आणि माझ्यावर आडवी होऊन शांत झोपली.

मित्रांनो, असं आजारी मूल उशीवर उशी रचू लागलं तर त्याची थट्टा करू नका. त्याच्याजवळ बसा, का ते विचारा आणि डॉक्टरांना सांगा.

तिचं हृदय अजून पूर्ववत झालेलं नाही. बाबा रोज विचारतात, "आज किती उशा?" भिंगरी एक बोट वर करते. दुसरं बोट हलतंय का, इकडेच बाबांचे डोळे लागलेले असतात.