अणुभट्टीचं धुणं

धर्मेंद्रला क्वार्टर मिळालं आणि गडी हुरळून गेला. दोन खोल्या, मागे गॅलरी, खाली मुलांसाठी झोके. समुद्राकाठच्या अणुवीज प्रकल्पात लागल्यापासून तीन वर्षं त्यानं भाड्याच्या खोलीत काढली होती. एकट्यापुरता भात टाकायचा आणि लेक रीनाला जेवताना फोनवर बघायचं. आता बायको-लेकीला घेऊन जायचंच, असं ठरवून तो दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला आपल्या गावी, आसगावात आला.

घोडं अडलं ते त्याच्याच जिभेपायी. प्रकल्पात त्याचं काम धुण्याचं. आत काम करणाऱ्यांचे सुती डगले यंत्रात टाकायचे, वाळवायचे, किरणं राहिली नाहीत ना ते तपासून घड्या घालायच्या. पगार बरा, काम नेटकं. पण बायको-लेकरू सोडून एवढ्या लांब कपडे धुवायला गेला, असं गाव म्हणेल ना! म्हणून पहिल्याच मंडईत त्यानं ठोकून दिलं, मी थेट अणुभट्टीत उतरतो. पुढच्या वर्षी त्या थापेत भोंगा वाजला, त्याच्या पुढच्या वर्षी एकाचे केस गळाले. बढाया मारताना बायकोच्या चेहऱ्याकडे एकदा तरी बघायचं होतं भल्या माणसानं!

क्वार्टरचं नाव काढताच रत्नमालानं मान हलवली.

"पोरीले घेऊन मी तिथं नाई येत. तुमीच तं सांगतलं तिथं काय होते ते."

"अवं, गंमत होती ते. कपडे धुतो मी."

"गंमत कोणी दर साली करते का?"

फोटो दाखवावा, तर फोन आत नेता येत नाही. धर्मेंद्र वैतागून बाहेर पडला. मंडईत तेजरामकाका पाहुण्यांना घेऊन चहा पीत बसले होते.

"हा आमचा धर्मेंद्र, अणुभट्टीत उतरते! सांग रे भोंग्याची गोष्ट."

"काका, मी भट्टी पाह्यली पण नाई. कपडे धुतो तिथं."

काकांनी मांडीवर थाप मारली. "आमाले का मालूम नाई रे? रातची दंडार, नाचगाणं सुरू होयेपर्यंत टाइमपास होते, म्हणून ऐकतो."

सगळे खो खो हसले. त्याला लाज वाटायला हवी होती, पण हायसंच वाटलं. कुणाचाच विश्वास बसला नव्हता, मग भीती कसली? तो धावतच घरी आला.

रत्नमाला तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. ती हसली नाही.

"गावाले मालूम होतं, मले कोणी नाई सांगतलं. तुमच्या फोनले उशीर झाला का मी ढोरांच्या कोठ्यात जाऊन रडत होती."

"आता समजलं ना? मंग चाल."

"आता कपडे धुतो म्हणता. मले न्यायसाठीच म्हणून राहिले नसान कशावरून?"

साऱ्या गावात धर्मेंद्रचा शब्द खरा मानणारं हे एकच माणूस होतं, आणि आता तिला पटवायला त्याच्याजवळ शब्दच उरला नव्हता. त्याला फार एकटं वाटलं.

सुट्टी संपली तसा तो एकटाच निघाला. रत्नमाला रीनाला कडेवर घेऊन बसपर्यंत आली. बस सुरू झाली तेव्हा तिनं खिडकीला हात लावला.

"भट्टीत सांभाळून उतरजा जी."

धर्मेंद्रनं मान डोलावली.