बफर या शब्दाचं वाक्य

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक मोहाचं झाड डोळ्यांपुढे आणा. पहाट नुकती उजळते आहे. झाडाखाली पिवळट, रसरशीत फुलांचा सडा पडला आहे. हे झाड आमच्या गावाच्या कडेला आहे, नाल्याजवळ, आणि नाल्यापलीकडे ताडोब्याचं जंगल. झाडाखाली एक बाई वाकून फुलं वेचते आहे. ती दिव्यानीची आई, स्वाती.

उभा माणूस वाघाला ओळखू येतो, वाकलेला मात्र त्याला जनावर वाटतो, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. म्हणून बाया घोळक्यानं जातात आणि मोठ्यानं बोलत राहतात. पण त्या आठवड्यात नाल्यावर वाघीण दिसली, आणि बाकीच्या बायांनी जाणं सोडलं. स्वाती एकटीच जात राहिली.

दिव्यानी पाचवीत, माझ्या शेजारची. संध्याकाळी ती वही घेऊन माझ्या ओट्यावर आली.

"गुरुजी, मॅडमनं गावातला इंग्रजी शब्द आणाले सांगतला. म्या बफर घेतला. अर्थ लिवून वाक्य कराचं हाये."

ओट्यावर लहानू बसला होता. तो सफारीची जिप्सी चालवतो. तो हसला. "त्यात काय हाये? ज्याले कोरचं, आतल्या जंगलाचं बुकिंग नाई भेटत, त्याचं जंगल म्हणजे बफर."

"तू गप रे लहानू. पोरगी तेच लिहून मोकळी होईल," मी म्हटलं.

मला शिकवायची भारी हौस. मी सरसावून बसलो.

"बांगडीवाली काचेच्या बांगड्या कशात बांधून आणते, दिव्यानी?"

"धानाच्या तनसात."

"का बरं?"

"फुटू नाई म्हणून."

"मग धक्का लागला तर कोणाला लागतो?"

"तनसाले. बांगडी वाचते."

"तेच ते तणस म्हणजे बफर. दोघांच्या मधे असतो आणि धक्का आपल्या अंगावर घेतो. वाक्य करताना एवढं ध्यानात ठेव, कोणाच्या आणि कोणाच्या मधे, ते सांगावं लागतं. नुसतं बफर म्हटलं की अर्थ अर्धाच राहतो."

तिनं ते सावकाश लिहून घेतलं. मग पेन्सिल थांबली.

"आपलं गाव बफरमधी हाये ना जी?"

"हो."

"म्हणजे बांगडी ते आत, कोरमधी. अन् आमी तनस?"



"तसं नाही बाळ," मी म्हटलं. "दोन्हीकडचं सांभाळायचं, जंगलाचंही आणि माणसाचंही, म्हणून कोरभोवती तो पट्टा ठेवलाय."

"मंग मायी माय वाकते तवा वाघाच्या अन् तिच्या मधी कोण रायते?"

चाळीस वर्षं शिकवलं मी.  तरी चष्मा पुसत बसलो. तिनं वही मिटली.

रात्रीच्या जेवणाआधी मी स्वातीकडे गेलो. "दिवस वर येऊ दे, मग जात जा," म्हटलं.

ती चुलीपाशी होती. "तवापर्यंत चितळं फुलं खाऊन जातात, गुरुजी. पंधरा दिवस फूल पडते, त्यावर आमचे चार महिने निघतात. तुमीच सांगा, काऊन नोको जाऊ?"



दुसऱ्या दिवशी उजाडताना मी काठी घेऊन निघालो. गुडघा शेताच्या बांधापर्यंतच चालला. तिथून झाड दिसत होतं. स्वाती टोपली घेऊन पुढे, दिव्यानी मागे.

"घरी जाय म्हणलं ना तुले."

"नाई जात."

"मार खाशीन."

"खाईन."

स्वातीनं माझ्याकडे पाहिलं. मी पोरीला परत बोलवावं, असं तिला वाटत असावं. मी हाक मारली, "दिव्यानी, ये इकडे." तिनं वळून पाहिलं नाही. धावत जाऊन तिचा हात धरण्याचं वय माझं उरलेलं नाही.

स्वाती झाडाखाली गेली, थोडा वेळ नाल्याकडे पाहत उभी राहिली, आणि वाकली. फुलं वेचावीच लागतात.

दिव्यानीनं एकही फूल उचललं नाही. ती आईला वळसा घालून नाल्याच्या बाजूला गेली, आईकडे पाठ केली, जंगलाकडे तोंड करून ताठ उभी राहिली आणि मोठमोठ्यानं बाराचा पाढा म्हणू लागली.