डब्यावरचं वीस

लेबलांचा चिकटा कसा काढायचा ते सकाळी मीच सूनबाईला सांगितलं होतं. आधी गरम पाण्यात भिजव, मग तेलात सोडा कालवून लाव, थोडा वेळ थांब आणि कापडानं गोल गोल चोळ. तारेची घासणी लावू नकोस, स्टीलला चरे पडतात. जन्मभर नळ दुरुस्त केले, धातूचं एवढं तरी कळतं. मग मी शेजाऱ्यांचा गळका नळ बघायला गेलो.

परत आलो तर ओट्यावर डबे नुसते लखलखत होते.

"बघा बाबा, तोंड दिसतं की नाही?"

"दिसतं. दाढी वाढलीय तेही दिसतं," मी म्हणालो. मग कडेच्या दोन सारख्या डब्यांकडे लक्ष गेलं. "यातल्या एकावर कागद होता ना?"

"होता की. 'विस' लिहिलेलं. म्हटलं, कुणीतरी डबे मोजले असतील. ऱ्हस्व-दीर्घाचा तर आनंदच!" ती हसली.

अक्षरं मी साठी उलटल्यावर शिकलो. मला वीस लिहायचं नव्हतं, विष लिहायचं होतं. आत झुरळांची पावडर होती, सोड्यासारखीच पांढरी. पोटफोड्या 'ष' माझ्या तोंडात कधी बसला नाही, तो हातात कुठून यायचा?

"सोडा कुठल्या डब्यातला घेतलास?"

"अं... आता दोन्ही सारखेच दिसतायत. का हो?"

"काय काय घासलंस?"

"डबे. आणि भिंगरीचा नवा पेला. आतपर्यंत लेबल चिकटवलं होतं मेल्यांनी."

भिंगरी म्हणजे माझी चार वर्षांची नात. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. त्या वेळी मात्र ती खिडकीत शांत बसून त्याच पेल्यातून दूध पीत होती.

मी पेला हिसकावला. अर्धं दूध संपलं होतं. तिनं भोकाड पसरलं.

"पेला धुतलास ना?"

"विसळला एकदा." सूनबाईचा आवाज बारीक झाला. "बाबा, काय झालंय?"

मी सांगितलं. तिनं ओट्याची कड घट्ट धरली.

"लिंबू दे," मी म्हणालो. सोडा लिंबानं फसफसतो, ही पावडर फसफसत नाही. बशीत लेप उरला होता, त्यावर मी लिंबू पिळलं. काहीच हललं नाही. मग तेलातून एक बुडबुडा वर आला. मग दहा-बारा.

"सोडाच आहे गं! सोडाच!"

ती मात्र पांढरीफटक पडली. "पहिल्या डब्यातला पुरला नाही, बाबा. शेवटी दुसऱ्यातला चमचाभर घातला."

मी नातीला उचललं, सूनबाईनं दोन्ही डबे घेतले. दवाखाना दोन गल्ल्यांपलीकडे. चपला घालायचं कुणालाच सुचलं नाही.

डॉक्टरबाईंनी विचारलं, कुठली पावडर? मूळ पुडा मी केव्हाच फेकला होता.

"डब्यावर काही लिहिलं नव्हतं?"

"लिहिलं होतं. मी पुसलं," सूनबाई म्हणाली.

"मीच चुकीचं लिहिलं होतं," मी म्हणालो.

बाईंनी डबे हुंगून पाहिले, भिंगरीची जीभ, डोळे, पोट तपासलं. "पेला विसळलाय, म्हणजे फार गेलं नसावं. पण इथंच बसा. उलटी झाली, गुंगी आली तर लगेच हाक मारा."

आम्ही बाकावर बसलो. भिंगरीचा एक हात सुनेच्या हातात, एक माझ्या. तिनं जांभई दिली तरी आम्ही वाकून तिचे डोळे बघत असू.

"सोडा ना!" ती ओरडली आणि आम्ही दोघंही दचकलो. "मला तिकडचा काचेच्या पेटीतला मासा बघायचाय."

कुणीच हात सोडला नाही.

दुपार कलली. बाईंनी पुन्हा तपासलं आणि म्हणाल्या, "ठणठणीत आहे. न्या घरी."

मी सुनेकडे पाहिलं. तिनं मान हलवली.

"अजून थोडं बसू या, बाबा."

आम्ही बसून राहिलो.